पाविआच्या पोटात दुखतं

सिसिमिउतच्या दवाखान्यात, मार्चमधल्या एका मंगळवारी,
सकाळी आठला, रात्रभर उपाशी राहून
पाविआ आला. आईचा चुलतभाऊ. वय एकाहत्तर.
बुटांवरचं बर्फ त्याने दाराशीच झाडलं,
टोपी मात्र काढली नाही.

मी पेला पुढे केला. कोमट पाणी, पन्नास ग्रॅम साखर.
त्याने पेल्याकडे असं पाहिलं
जसं पातळ झालेल्या समुद्रबर्फाकडे पाहतात,
पाय ठेवावा की नाही.
"पी मामा," मी म्हटलं,
"आज दुखलं तरच काम झालं."

गावात सगळे ओळखतात त्याला.
कुणाचा वाढदिवस, कुणाच्या पोराचा शाळेतला पहिला दिवस,
कुणी मारलेला पहिला सील.
घर उघडं, कॉफी उकळती, टेबलावर सात तऱ्हांचे केक,
आणि हा दारात, हात खिशात.
"पोट भरलंय," म्हणायचा.
फारच आग्रह झाला तर तुकडा घेऊन बोटांनी कुस्करायचा,
बशीखाली सारायचा,
आणि तोंड गोड न करता निघून जायचा.

लोक काय म्हणणार?
दुसऱ्याचं बरं झालं की याच्या पोटात दुखतं.
मीही म्हटलंय.

दुखायचंच की.

पहिली फुंकर: सहा.
पंधरा मिनिटं. सात.
पुन्हा पंधरा. अकरा.
तासाभराने त्याचं पोट वाजू लागलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर,
जिथे साखळीला बांधलेली कुत्री विव्हळत होती.
तेवढीच सभ्यता मला जमली.

मग समजावत बसले,
डॉक्टर हेनिंगने मला डॅनिशमध्ये समजावलेलं, आमच्या भाषेत:
साखरेचा कण म्हणजे हात घट्ट धरलेले दोघं.
आतड्याच्या भिंतीशी त्यांचे हात सोडवणारं कुणीतरी लागतं.
तुझ्याकडे ती जागा रिकामी आहे, मामा.
मग दोघं तसेच खाली उतरतात,
मोठ्या आतड्यातले जंतू त्यांच्यावर ताव मारतात,
त्याचा वायू होतो, रक्तात शिरतो,
छातीपर्यंत चढतो
आणि तुझ्या तोंडून बाहेर पडतो.
तू एक शब्द बोलला नाहीस तरी.

"माझ्या बापालाही होतं हे?"
असेल. त्याच्या आज्यालाही असेल.
सील, हॅलिबट, रेनडिअर खाणाऱ्याला
जहाजातून साखर उतरेपर्यंत
काय उणं आहे ते कळणार कसं?

नव्वद मिनिटं: चौऱ्याण्णव.
वीसने वाढला असता तरी पुरे होतं.
मी आकडा दोनदा वाचून दाखवला.
पाविआ हसला. हसू मध्येच थांबलं.

"बोलेटे दर वर्षी माझ्या वाढदिवसाला केक करायची.
एकेचाळीस केक.
तिला वाटायचं, मला तिच्या हातचं रुचत नाही.
पुढे पुढे तिने विचारणं सोडलं.
करणं नाही सोडलं."

आणि तू काय करायचास?

"कुत्र्यांना घालायचो."
बराच वेळ तो हातातल्या नळीकडे बघत राहिला.
"म्हणून तर माझी स्लेज
शर्यतीत कायम शेवटची."

जाताना म्हणाला, अहवालाच्या दोन प्रती काढ.
एक मला. एक तिच्याकडे नेतो, वरती.
अरे, टेकडीवर वारा केवढा, कागद राहील का?
"दगड ठेवीन."

दार लागल्यावर मी नळी फेकली,
माझ्या कॉफीत दोन चमचे साखर ढवळली.
माझ्यात कुठेतरी ती सुटत गेली,
मला पत्ताही न लागता.

पुढची पेशंट तुकुम्मेक, वय नऊ.
आत पाऊल टाकताच तिची आई म्हणाली,
हिची ना, खाण्यापिण्याची नुसती नाटकं.
मुलगी खाली बघत होती.

मी पेला अर्धाच भरला.